घोड्याची शेंडी

24 नोव्हेंबर 1963. डॅलसच्या पोलीस मुख्यालयाचं तळघर. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या खुनाचा आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड याला तुरुंगात हलवलं जात असताना गर्दीतून जॅक रूबी पुढे झाला आणि त्याने अगदी जवळून एक गोळी झाडली. टीव्हीवर लाखो लोकांनी हे प्रत्यक्ष पाहिलं. रूबीच्या हातात कोल्ट कंपनीचं ‘कोब्रा’ हे .38 कॅलिबरचं छोटं रिव्हॉल्व्हर होतं. त्या रिव्हॉल्व्हरच्या पाठीमागे धातूचं एक लहानसं कवच वरून बसवलेलं होतं. ते कारखान्यातल्या मूळ रचनेचा भाग नव्हतं. ते वेगळं विकत घेऊन बसवावं लागे आणि त्याचं काम एकच होतं: रिव्हॉल्व्हर कपड्यांतून बाहेर काढताना घोडा, म्हणजे मागे डोकावणारा, गोळी उडवण्यासाठी आपटणारा भाग, कुठे अडकू नये.

झाकून बाळगायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अडकतो, ही अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तक्रार आहे. तिच्यावर उपाय म्हणून कोणी कवच बसवलं, कोणी घोडा आतच दडवला आणि पुष्कळांनी सरळ घोड्याचा मागचा भाग कापून घेतला. वरवर पाहता ही सोयीची बाब वाटते. पण घोड्याचा तो कापलेला तुकडा नेमकं काय करत होता हे पाहिलं, की प्रश्न निव्वळ अडकण्याचा उरत नाही. तो तुकडा कापला की हत्यार चालवण्याच्या दोन पद्धतींपैकी एक पद्धत नाहीशी होते.

आधी रचना समजून घेऊ. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा काडतुसं असतात. प्रत्येक काडतुसाच्या बुडाशी प्रायमर नावाची छोटी टोपी असते. तिच्यात आघाताने पेट घेणारं रसायन भरलेलं असतं. नळीच्या मागे, मुठीच्या वर, एका खिळीवर फिरणारा पोलादी तुकडा म्हणजे घोडा. तो मागे गेला की आतली मोठी स्प्रिंग ताणली जाते, सुटला की पुढे आपटतो आणि त्याच्या नाकावरची किंवा चौकटीतली पिन प्रायमरवर बसते. घोड्याच्या डोक्यावरून मागे निघालेली, अंगठा घसरू नये म्हणून खरबरीत केलेली एक वाकडी पट्टी असते. इंग्रजीत तिला स्पर म्हणतात. आपण तिला घोड्याची शेंडी म्हणू.

ही शेंडी सुरुवातीला अत्यावश्यक होती. सॅम्युएल कोल्टने 1836 मध्ये अमेरिकेत ज्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं, त्यात चाप, म्हणजे बोटाने ओढायची कळ, ओढून घोडा मागे जातच नसे. अंगठ्याने शेंडी धरून घोडा मागे खेचायचा. त्या खेचण्यातच सिलिंडर एक घर पुढे सरके आणि पुढची गोळी नळीसमोर येई. मग चाप ओढला की चढवलेला घोडा सुटे. चापाचं काम तेवढंच. दरेक गोळीमागे अंगठ्याची एक हालचाल लागत असल्यामुळे शेंडी लांब, पसरट आणि पकडायला सोपी असणं हा गुणच होता. घोडेस्वाराच्या कमरेला उघड्या होल्स्टरमध्ये लटकणाऱ्या मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत ती कशात अडकण्याचा प्रश्न फारसा येत नसे.

पण तिचा एक धोका होता. कोल्टचं 1873 चं प्रसिद्ध ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ मॉडेल सहा गोळ्यांचं होतं, तरी जाणती माणसं त्यात पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. कारण उतरवलेल्या घोड्याची पिन थेट प्रायमरला टेकलेली असे. हत्यार पडून शेंडी जमिनीवर आपटली, तर तो ठोसा सरळ प्रायमरपर्यंत पोहोचे. वायट अर्पसारख्या नाणावलेल्या पोलीस अधिकाऱ्यालाही याचा अनुभव आला. जानेवारी 1876 मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी एका सलूनच्या मागच्या खोलीत तो बसला असताना रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून निसटलं, घोडा खुर्चीवर आदळला आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटाला भोक पाडून छतात गेली. त्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्राने ही बातमी छापली.

दरम्यान इंग्लंडमध्ये दुसरी वाट निघाली होती. रॉबर्ट अ‍ॅडम्सने 1851 मध्ये असं रिव्हॉल्व्हर आणलं, की चाप ओढता ओढताच घोडा मागे जाई, सिलिंडर फिरे आणि शेवटी घोडा आपोआप सुटे. अंगठ्याचं काम संपलं, त्यामुळे अ‍ॅडम्सच्या घोड्याला शेंडीच नव्हती. पुढे लेफ्टनंट फ्रेडरिक बोमाँट याने त्यात सुधारणा करून दोन्ही सोयी एकत्र आणल्या: हवं तर अंगठ्याने घोडा चढवा, नाहीतर नुसता चाप ओढा. 1857 च्या उठावाच्या काळात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्टबरोबर अ‍ॅडम्सच्या या घराण्यातली रिव्हॉल्व्हरंही होती. अंगठ्याने चढवण्याच्या पद्धतीला ‘सिंगल अ‍ॅक्शन’ आणि नुसत्या चापाने चालवण्याच्या पद्धतीला ‘डबल अ‍ॅक्शन’ म्हणतात. आजची बहुतेक रिव्हॉल्व्हरं बोमाँटच्या वाटेने जाणारी, म्हणजे दोन्ही पद्धतींची असतात.

या दोन पद्धतींत बोटाला जाणवणारा फरक मोठा आहे. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आधी चढवलेला असेल, तर चापावर साधारण दीड-दोन किलोचा दाब पुरतो आणि चाप जेमतेम हलतो. नुसत्या चापाने चालवायचं तर बोटाला स्प्रिंग ताणायची, सिलिंडर फिरवायचा आणि घोडा सोडायचा अशी तिन्ही कामं करावी लागतात. तेव्हा दाब पाच-साडेपाच किलोपर्यंत जातो आणि चापाचा प्रवासही लांबतो. ज्या हत्याराचं स्वतःचं वजन अर्धा किलोच्या आसपास, त्याच्यावर वजनाच्या दहापट जोर लावताना नळी स्थिर ठेवायची! म्हणून नेम साधायचा असेल तर घोडा चढवणं सोपं आणि अचानक चाप ओढला जाऊ नये असं वाटत असेल तर जड चाप बरा. सारा वाद या दोन बाजूंमध्ये आहे.

शहरं वाढली, हत्यार कमरेच्या पट्ट्यावरून कोटाच्या खिशात आणि टेबलाच्या खणात गेलं, तशी शेंडीची गरज कमी झाली आणि अडचण वाढली. स्मिथ अँड वेसन कंपनीने 1887 मध्ये ‘सेफ्टी हॅमरलेस’ नावाचं मॉडेल काढलं. नाव काहीही असलं तरी त्यात घोडा होताच. तो फक्त चौकटीच्या आत झाकलेला होता. शेंडी नाही, त्यामुळे अंगठ्याने चढवण्याचा प्रश्नच नाही. शिवाय मुठीच्या मागे एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळून ती दाबल्याशिवाय हत्यार चालत नसे. या आवळण्यावरून लोकांनी त्याला ‘लिंबूपिळणी’ असं टोपणनाव दिलं. लहान मुलाच्या हाती लागलं तरी त्याला चालवता येऊ नये, हा हेतू कंपनीच्या मनात होता असं सांगितलं जातं. हे मॉडेल पन्नासहून अधिक वर्षं बनत राहिलं. म्हणजे घोडा अडकण्यावरचा पूर्ण उपाय एकोणिसाव्या शतकातच सापडलेला होता.

इतर कंपन्यांनी मात्र घोडा बाहेरच ठेवला आणि तो आपटला तरी गोळी सुटू नये याची तजवीज केली. आयव्हर जॉन्सन कंपनीची जाहिरात फार गाजली. तिच्यात भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारा, असं ग्राहकाला सांगितलेलं असे. तिच्यामागची युक्ती साधी होती. घोडा पिनपर्यंत पोहोचतच नसे. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच मधे एक पट्टी वर येई आणि घोड्याचा ठोसा पिनपर्यंत नेई. कोल्टने 1905 मध्ये उलट्या तत्त्वावरचा अडसर आणला: चाप ओढलेला नसेल, तर घोडा आणि चौकट यांच्यामध्ये पोलादाचा तुकडा उभा राही. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांतही अडसर होता, पण दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर रिव्हॉल्व्हर डेकवर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने घाईने अडसराची रचना बदलली. ‘हातातून पडलं तर काय’ या प्रश्नाचं उत्तर असं पडझडीतून, माणसं गमावून मिळत गेलं.

शेंडी कापण्याच्या प्रथेशी सर्वांत घट्ट जोडलेलं नाव जॉन हेन्री फिट्झजेराल्ड याचं. तो कोल्ट कंपनीत होता, नेमबाज होता आणि पोलिसांना प्रशिक्षण देत असे. 1920 च्या दशकात त्याने कोल्टची मोठी रिव्हॉल्व्हरं घेऊन त्यांची नळी दोन इंचांवर आणली, मूठ आखूड केली, घोड्याची शेंडी कापली आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही काढून टाकला. बोट झटकन चापावर जावं, म्हणून. ‘फिट्झ स्पेशल’ नावाने ओळखली जाणारी ही रिव्हॉल्व्हरं मोजकीच बनली, पण त्यांची छाप मोठी पडली. 1927 मध्ये कोल्टने दोन इंची नळीचं, सहा गोळ्यांचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणलं आणि आखूड नळीचं .38 रिव्हॉल्व्हर साध्या वेषातल्या पोलिसाची ओळख बनलं. फिट्झजेराल्डच्या चार बदलांपैकी चापाच्या कड्याचा बदल पुढे कोणी शहाण्याने उचलला नाही, कारण ते कडं असतं ते चुकून काही चापाला लागू नये म्हणूनच. शेंडीचा बदल मात्र टिकला.

मग 1950 च्या दशकात एकाच कंपनीने तीन उत्तरं शेजारीशेजारी मांडली. ऑक्टोबर 1950 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे पोलीसप्रमुखांच्या संमेलनात स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचं नवं छोटं .38 रिव्हॉल्व्हर दाखवलं. त्याचं नाव प्रमुखांच्याच मतांनी ठरलं: ‘चीफ्स स्पेशल’. त्याला नेहमीसारखी शेंडी होती. 1952 मध्ये कंपनीची शंभर वर्षं साजरी करताना ‘सेंटेनियल’ आलं. त्यात 1887 चीच कल्पना होती, घोडा पूर्ण आत आणि मुठीत दाबपट्टी. ज्यांना ती दाबपट्टी नको असेल त्यांच्यासाठी ती कायमची दाबून ठेवणारी छोटी खिळी मुठीखाली ठेवलेली असे. 1955 मध्ये ‘बॉडीगार्ड’ आलं. त्यात दोन्ही बाजूंनी उंच कवच आणि मधल्या खाचेतून डोकावणारं घोड्याचं टोक. कपड्यात अडकत नाही, पण मनात आलं तर अंगठ्याने चढवताही येतं. गंमत म्हणजे सर्वांत सुरक्षित वाटणाऱ्या सेंटेनियलचा खप कमी पडला आणि 1974 मध्ये ते बंद झालं. 1990 च्या सुमारास ते दाबपट्टीशिवाय परत आलं तेव्हा मात्र लोकांनी उचलून धरलं. मधल्या काळात विचार बदलला होता.

तो का बदलला हे कळण्यासाठी मायामीला जावं लागतं. 28 डिसेंबर 1982 रोजी ओव्हरटाऊन या वस्तीतल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात लुईस अल्वारेझ या पोलिसाच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि नेव्हेल जॉन्सन हा कृष्णवर्णीय तरुण मेला. वस्तीत दंगल उसळली. खटल्यात सरकारी पक्षाचा मुद्दा असा होता, की अल्वारेझने घोडा चढवून ठेवला होता आणि हलक्या झालेल्या चापामुळे गोळी निष्काळजीपणाने सुटली. 1984 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं, पण पोलीस खात्यांपुढे प्रश्न उभा राहिला. माणसावर रोखलेल्या हत्याराचा चाप दीड किलोवर आणून ठेवण्याची मुभा पोलिसाला असावी का? त्या दशकात मायामी आणि न्यूयॉर्कसारख्या मोठ्या खात्यांनी उत्तर दिलं: नसावी. सेवेतली रिव्हॉल्व्हरं नुसत्या चापाने चालतील अशी करून घेण्यात आली. एरवी कोट फाटतो म्हणून कापली जाणारी शेंडी आता जबाबदारीचा प्रश्न म्हणून जाऊ लागली.

शेंडी कापल्याने यंत्राच्या पोटात काय बदलतं, हाही कुतूहलाचा भाग आहे. घोडा खिळीभोवती फिरतो. फिरणाऱ्या वस्तूला गती द्यायला किती जड जातं, हे तिच्या वजनाइतकंच ते वजन खिळीपासून किती दूर आहे यावर ठरतं. अंतर दुप्पट झालं तर अडथळा चौपट. टोकाकडे जड असलेली क्रिकेटची बॅट आणि तेवढ्याच वजनाची पण दांड्याकडे भार असलेली बॅट फिरवून पाहिली की हे मनगटाला लगेच कळतं. शेंडी घोड्याच्या अगदी टोकाला असते. त्यामुळे तिथला थोडासा धातू काढला तरी घोडा बराच चपळ होतो. घोडा सुटल्यापासून प्रायमरवर ठोसा बसेपर्यंतचा वेळ, जो मुळातच सेकंदाच्या काही हजारांशांत मोजतात, तो आणखी घटतो.

मग हलक्या घोड्याचा ठोसा कमी पडत नाही का? स्प्रिंग तीच असेल, तर ती सोडताना देते ती ऊर्जाही जवळपास तीच. घोडा हलका झाला तर तो तीच ऊर्जा घेऊन जास्त वेगाने येतो. त्याचा रेटा, म्हणजे संवेग, कमी होतो, पण प्रायमरमधलं रसायन चिरडून पेटायला मुख्यतः ऊर्जा लागते. म्हणून कारखान्याची मूळ स्प्रिंग जागेवर असताना शेंडी कापलेलं रिव्हॉल्व्हर सहसा नीट चालतं. गोंधळ होतो तो पुढच्या पायरीवर. चाप हलका व्हावा म्हणून हौशी माणूस स्प्रिंगही कमजोर बसवतो. आता ऊर्जाच घटली आणि घोडाही हलका. अशा वेळी कडक प्रायमरची काडतुसं ठोसा खाऊनही उडत नाहीत. सरावाच्या मैदानावर ही फजिती होते. जीव वाचवण्यासाठी बाळगलेल्या हत्याराच्या बाबतीत तिला फजिती म्हणता येत नाही.

त्याहून मोठी गफलत अर्धवट कामात आहे. घोड्याच्या पायथ्याशी एक खाच असते. घोडा चढवला की चापाचं टोक तिच्यात बसतं आणि घोडा तिथे थांबतो. नुसती शेंडी कापली आणि ही खाच तशीच ठेवली, तर घोडा अजूनही चढवता येतो: चाप थोडा ओढून डोकावणारा घोडा अंगठ्याने पकडला की झालं. पण गोळी झाडायची नसेल आणि चढलेला घोडा हळूच उतरवायचा असेल, तर धरायला शेंडी कुठे आहे? एका हाताने हलका झालेला चाप ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली गुळगुळीत, निसरडं पोलाद. तेही भरलेल्या हत्यारावर. चढवायची वाट उघडी आणि उतरायची जवळजवळ बंद, अशी ही अवस्था मूळ शेंडीवाल्या रिव्हॉल्व्हरपेक्षाही वाईट. म्हणून जाणता कारागीर शेंडी काढतो तेव्हा ती खाचही निकामी करतो, ते रिव्हॉल्व्हर फक्त चापानेच चालेल असं करतो आणि नंतर अडसर व ठोसा दोन्ही तपासतो. गॅरेजमधली कानस यातलं पहिलं काम करू शकते, बाकीची नाही.

शेंडी गेल्याने तोटेही होतात. लांबच्या लक्ष्यावर शांतपणे एक गोळी साधायची मुभा जाते. आणखी एक गोष्ट अनुभवी लोक सांगतात. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये परत घालताना ते अंगठा घोड्यावर ठेवतात. सदऱ्याचं टोक किंवा होल्स्टरची वादी चापात अडकली तर घोडा मागे यायला लागतो आणि अंगठ्याला ते ताबडतोब कळतं. शेंडी कापलेल्या पण उघड्या घोड्यावर हे अजून जमतं. घोडा पूर्ण आत दडवलेल्या मॉडेलमध्ये ही सूचना मिळतच नाही. उलट, रिव्हॉल्व्हर काढताना अंगठा शेंडीवर दाबून धरला तर अंगठाच कवचाचं काम करतो, अशी जुनी पद्धतही आहे. म्हणजे शेंडी न कापताही अडकण्यावर उपाय आहे, पण तो सरावावर अवलंबून आहे आणि घाबरलेल्या माणसाचा सराव किती टिकतो हा वेगळाच प्रश्न.

भारतात हा सगळा विषय वेगळ्या चौकटीत बसतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत .32 कॅलिबरची रिव्हॉल्व्हरं बनतात. 2014 मध्ये आलेलं, स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेलं, अर्धा किलो वजनाचं ‘निर्भीक’ त्यांपैकीच. पण इथे शस्त्र बाळगायला जसा परवाना लागतो, तसाच ते दुरुस्त करायला किंवा त्यात फेरफार करायलाही लागतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम हे स्पष्ट सांगतं. अमेरिकेत ज्या कामासाठी लोक शेजारच्या कारागिराकडे जातात किंवा स्वतःच कानस हाती घेतात, ते काम इथे परवानाधारक शस्त्रकारागिराशिवाय कोणी केलं तर तो गुन्हा ठरतो.

अमेरिकेतही कानशीची गरज आता ओसरली आहे. आज तिथे विकली जाणारी कित्येक छोटी रिव्हॉल्व्हरं मुळातच शेंडीशिवाय येतात. 2009 मध्ये रुगर कंपनीने ‘एलसीआर’ आणलं, तेव्हा घोडा आत झाकला आणि चापाच्या यंत्रणेत घर्षण कमी करणारा नवा आकार दिला. जड चाप हा दडवलेल्या घोड्याचा जुना दोष होता आणि तो शेंडी परत न आणताही सौम्य करता येतो हे त्यातून दिसलं. हाच खरा धडा आहे. माणूस घाबरलेला असेल, हात थरथरत असेल, अंगावर जाड कोट असेल, हे धरून चालायचं आणि अशा माणसाला न पेलणारा पर्याय यंत्रातूनच काढून टाकायचा, अशी या हत्याराची शंभर-दीडशे वर्षांची वाटचाल आहे. शेंडी कापायची की नाही, हे खिसा किती खोल आहे यावरून ठरवणारा माणूस अर्धाच प्रश्न सोडवतो. ते ठरतं आपल्या हातून कोणती चूक होण्याची शक्यता जास्त आहे यावरून, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर बहुतेकांच्या बाबतीत जड चापाच्या बाजूने जातं.